मेलेल्या माणसाला घाम येत नाही

माझ्या बायकोनं मला आजवर किती वेळा मारलं, ते तिलाही सांगता यायचं नाही. चहात विष घालून, विहिरीत ढकलून, एकदा तर कटाच्या आमटीतून. ती दिवाळी अंकांसाठी गुन्हेकथा लिहिते. प्रत्येक गोष्टीत नवरा बायकोला फसवतो आणि शेवटी बायको त्याचा काटा काढते. फौजेतून निवृत्त होऊन मी साताऱ्यात घर बांधलं, तेव्हापासून शेजारचे सुभेदार रोज विचारतात, "काय रं गड्या, जित्ता हाईस न्हवं?"

तिची एक पद्धत आहे. खून लिहायच्या आधी ती मला स्वयंपाकघरात आडवं पाडते. ओट्यापाशी कोसळलेल्या माणसाचा हात कुठं जाईल, डोकं कशावर आपटेल, हे तिला डोळ्यांनी बघायचं असतं. मी शिस्तीत मरतो. ती पिठाच्या हातांनी माझ्याभोवती फिरत सूचना देते, "आवं, पाय आखडा की जरा."

यंदा मात्र मी तिला खरोखरच फसवत होतो. उन्हाळ्यापासून जिना चढताना छातीत भरून यायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तपासण्या करायला सांगितल्या. गोळ्या मी स्कूटरच्या डिकीत लपवल्या आणि तपासण्या पुढं ढकलल्या. आटपाडीला तिचा भाऊ असाच छातीच्या दुखण्यानं गेला होता. तिचा तेव्हाचा चेहरा पुन्हा बघायचं बळ माझ्यात नव्हतं. सीमेवर उभा राहिलो, पण बायकोसमोर शेपूट घातलं.

गणपती तोंडावर आले होते आणि तिला गोष्ट द्यायची घाई होती. त्या सकाळी मी फरशीवर पडलो तो जरा जास्तच चांगला पडलो. डाव्या हातात कळ उतरली, तोंडातून शब्द फुटेना.

"झ्याक! असंच ऱ्हावा," ती म्हणाली. मग वाकली, माझ्या कपाळाला हात लावला आणि पांढरीफटक पडली.

"आवं, मेलेल्या माणसाला घाम येत न्हाई!"

पुढचं तुटक आठवतं. रिक्षा, माझ्या शर्टावर तिच्या पिठाची बोटं, तिचं देवाला शिव्या देणं. जीव वाचला. पण डॉक्टरांनी तिच्यासमोरच विचारलं, "दिलेल्या गोळ्या घेत होता ना?" तिनं माझ्याकडे पाहिलं. दुसरी बाई ठेवली असती तरी तिनं असं पाहिलं नसतं.

घरी आल्यावर तिनं सूड उगवला. बोलणंच बंद. औषधं वेळेवर, वरण बिनमिठाचं, अंगावर पांघरूण. शब्द मात्र एक नाही. इतकी माया करून कुणी कुणाला छळताना मी पाहिलं नव्हतं. हिनं आपल्याला मनातून काढलं, या भीतीपुढं छातीतली कळ बरी होती.

एक दिवस संपादकांचा फोन आला. ती माझ्या शेजारीच शेंगा फोडत बसली होती.

"न्हाई हो, औंदा जमायचं न्हाई," ती म्हणाली. "सगळं लिवून झालंय, पर गोष्टीतला नवरा मरंना झालाय. त्याला मारायला गेलं की पेनच पुढं सरकंना."

फोन ठेवून तिनं डोळ्यांना पदर लावला. मला हसू आलं.

"हसू नका," इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "मी अजून माफ केल्यालं न्हाई. आन् माफ करस्तवर तुमी मरायचं न्हाई."

"मग करूच नकोस," मी म्हणालो.