तिकडचे सोडे

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारपोलीच्या शाळेत हजेरी घेत होते. हजेरी पूर्ण केली, मगच उठले. लोक म्हणाले, काळजाची घट्ट आहे बाई. असेन.

माझा हा थोरला भाऊ अंजूरचा, लूमचा फिटर. युगांडातल्या एका कापड गिरणीत नऊ वर्षं होता. तिकडे दिवाळीच्या सुमारास नाकतोड्यांचे थवे उतरतात. सकाळी शिफ्टच्या आधी आसपासची माणसं ओल्या गवतातून ते वेचायची, पंख-पाय खुडून कांद्यावर परतायची. पहिल्या दिवाळीला दादा खोलीत एकटाच, भाषा येईना, विचारणारं कुणी नाही... शेजारणीने ताटलीभर आणून दिले. "तिच्या तोंडाकडं बघून खाल्ले," म्हणायचा. पुढच्या वर्षी तोही टोपली घेऊन गवतात.

सुट्टीवर आला तेव्हा वाळवलेले पुडाभर घेऊन आला. आईने विचारलं, "काय रं हे?"

"तिकडचे सोडेच समज."

खाडीकाठची बाई ती, तिने सुक्या कोळंबीचे सोडेच समजले. भिजत घातले, बटाटा-कोकम टाकून कालवण केलं. मी दोनदा वाढून घेतलं, हे कबूल केलंच पाहिजे. हात धुताना दादा हसत म्हणाला, "हे सोडे पान्यात न्हाय, गवतात उडतात गो." आईने कपाळावर हात मारला आणि तीही हसायला लागली. मी मोरीकडे धावले.

माझा राग काही उतरला नाही. सुकट, बोंबील, खेकडे सगळं चालतं मला, पण नाकतोडे खाणारा भाऊ चालेना. तो कायमचा परत आला, तरी भाऊबिजेला माझ्याकडे आला की त्याला वेगळं ताट. बाकीच्या भांड्यांत ते मिसळायचं नाही, घासून वरच्या फळीवर ठेवायचं. शाळेत मुलांना डबे वाटून खायला शिकवणारी मी! दादा दर वर्षी यायचा, त्या ताटात पोटभर जेवायचा, मुलांची चेष्टा करायचा, जायचा.

तेराव्याच्या आदल्या दिवशी वहिनीचा फोन आला. "ताई, तुमच्याकडं त्यांचं ताट हाय ना? उद्या त्यांचं पान त्याच्यातच वाढायचं. सांगून गेलेत."

मी म्हटलं, "वहिनी, ते ताट मानाचं नव्हतं हो... मी त्याला वेगळं काढलं होतं."

"म्हाईत हाय. त्यांनाबी म्हाईत व्हतं."

"मग बोलला का नाही कधी?"

"मी म्हनलं व्हतं, एकदा बोला. तर म्हनले, बोललो तं ती लाजंल. आनि लाजली तं भाऊबिजंला बोलवायची न्हाय."

स्टुलावर चढून ताट काढलं, पदराने पुसलं आणि रिक्षा धरली. अंजूर येईपर्यंत ते मांडीवर धरून रडले. रिक्षावाला आरशातून बघत होता. बघू दे म्हटलं.