भट्टीकाकांचा तिसरा ब्रॅकेट

भट्टीकाका कधी भिंतीला टेकून बसत नसत. लग्नाच्या मांडवात असोत की दवाखान्यात, खुर्ची ओढून मधोमध बसायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात औशाकडच्या एका गावात त्यांची धाकटी बहीण दगडी भिंतीखाली गेली होती. त्यामुळे कुणी त्यांना हसत नसे. निदान तोंडावर तरी.

मी रेणापूरचा. बारावीच्या क्लाससाठी लातूरला आलो आणि त्यांच्या पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहिलो. उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा. तक्रार केली, की म्हणायचे, "पत्रा पडला तर टेंगूळ येतं रे. स्लॅब पडला तर..." पुढचं ते कधी बोलले नाहीत.

त्यांची ओतकामाची छोटी भट्टी होती. भंगारातल्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, तांबं आणि आणखी काहीबाही मिसळून त्यांनी एक धातू तयार केला होता. "हे तुटणार न्हाई. लई ताण आला तर वाकंल," असं अभिमानानं सांगायचे. आमच्या क्लासच्या बाहेरच्या लोखंडी जिन्याला भिंतीशी धरून ठेवणारे ब्रॅकेट त्याच धातूचे. तीन मजले आणि शेकडो पोरं त्यांच्या भरवशावर. जिना उभा राहिला आणि काकांची झोप उडाली.

दर रविवारी ते कॅमेरा घेऊन जायचे. ठरलेल्या फरशीवर कॅमेऱ्याचं तीन पायांचं तिकाटणं, ठरलेलं अंतर, प्रत्येक ब्रॅकेटचा एक फोटो. मग गेल्या आठवड्याच्या निगेटिव्हवर नवी निगेटिव्ह ठेवून खिडकीच्या उजेडात धरायची. जुन्यात नसलेली रेघ नव्यात दिसली, की समजायचं, तडा गेला. आज मी पुलांच्या फोटोंवर हेच काम संगणकाकडून करून घेतो. काका ते दोन बोटांवर आणि एका डोळ्यावर करत.

एकदा त्यांना रेघ दिसली. भर बॅचमध्ये घुसून ओरडले, "उतरा! समदे खाली उतरा!" क्लासच्या मालकांनी माणूस आणून ब्रॅकेट तपासला. धड होता. निगेटिव्ह वाळताना तिला केस चिकटला होता. पोरं महिनाभर हसली. "तुझे घरमालक ना रे?" असं कुणीतरी विचारलं, तर मी सरळ 'नाही' म्हणालो. त्याची लाज आजही वाटते.

त्यानंतरच्या एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. "तूच बघ लेकरा. मला आता जिकडंतिकडं तडेच दिसायलेत." मी निगेटिव्ह उजेडात धरल्या. तिसऱ्या ब्रॅकेटवर बारीक रेघ होती. बोटानं पुसली, गेली नाही. हा केस नव्हता. पण पुन्हा बोभाटा झाला असता, आणि या खेपेला पोरं मला हसली असती. मी म्हणालो, "केसच हाय काका."

त्यांचा चेहरा एकदम सैलावला.

सोमवारी सकाळी जिन्यापाशी पोचलो, तर पाय उचलेना. पोरं दप्तरं सावरत वर चढत होती. मी उलटा पळालो आणि भट्टीवर जाऊन सगळं सांगून टाकलं. काका तसेच अनवाणी धावले. पहिल्या पायरीवर हात पसरून उभे राहिले. वरच्या पोरांना आतल्या अरुंद जिन्यानं उतरायला लावलं. मालक संतापले होते. काकांनी घण मागवला, बाजूच्या आडव्या लोखंडी पट्टीवर उभं राहून तिसऱ्या ब्रॅकेटवर एकच घाव घातला.

तो वाकला नाही. बिस्किटासारखा तुटला. जिन्याचा वरचा टप्पा करकरत हातभर खाली आला.

काकांनी तुकडा उचलून धातूचा आतला ठिसूळ दाणा पाहिला. त्यांनी तो धातू पुन्हा कधी ओतला नाही. वर्षभरात भट्टीही विकली.

ते माझ्यावर रागावतील, याची मी वाट पाहत होतो. परत येताना त्यांनी एवढंच विचारलं, "तू मला सांगायला आलास, तवर किती लेकरं चढली असतील रे?"

"साठ-सत्तर."

काका रस्त्यातच खाली बसले. मीही बसलो.