कराची जवळ आली तेव्हा

डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधीच ती विचारी, "दादा, कराची किती लांब हाय वो?"

पोलादपूरच्या मोटारस्टँडवर मी तिकिटं फाडायचो, तेव्हाची गोष्ट. ही बाई वरच्या वाडीतून उकडलेली रताळी विकायला येई. घाट चढण्याआधी मोटार पाणी घालायला थांबली, की उतारूंना तिचा हा प्रश्न ठरलेला. कुणी म्हणे, "लांब म्हणजे? मुंबईहून बोटीत बसायचं, मग नुसता दर्याच दर्या." तिचा चेहरा उजळे. माझ्याकडे वळून म्हणे, "ऐकलंत ना मास्तर? दर्याच दर्या!" आणि त्या उतारूच्या हातावर एक जादा रताळं पडे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणारी. मुलगी रांगत होती तेव्हा या बाईचा नवरा कराचीला बंदरात कामाला गेला, तो परत आलाच नाही. सासू गेली तेव्हा नाही, दीर गेला तेव्हाही नाही. वाडीतल्या बायका टोचून बोलत. ती म्हणे, "लांब हाय गो कराची." एवढ्यावर तिनं मान ताठ ठेवली होती.

मुलीचं लग्न महाडजवळच्या नाते गावी ठरलं. त्याच उन्हाळ्यात तिच्या वाडीतला एक फिटर कराचीहून आला. मोटारीतून उतरल्या उतरल्या त्याचं सुरू झालं, "काकी, लांब कसली? हवाई जहाज सुरू झालंय! सकाळी कराचीत चा घ्यायचा, दुपारी मुंबईत उतरायचं. काकाच आता बंदर सोडून टपालाच्या थैल्या चढवतो त्यात."

"मग थैलीत बसून यायचं की!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"त्यात सायेब लोक बसतात," ती म्हणाली. "गरिबाला बोटच बरी. बोटीला येळ लागतो."

फिटर इथं थांबला असता तर बरं झालं असतं. "बोटीचं तिकीट मी काढत होतो, काकी. पोरीचं लगीन हाय, चल म्हटलं. तर म्हणाला, तिकडं माझं कोण हाय? त्यानं तिथं दुसरं घर केलंय. पोरं हायत."

टोपली उचलून ती चालू लागली.

लग्नाला मी गेलो होतो. कन्यादानाला तिचा भाऊ बसला. जेवणाच्या पंगतीत वरपक्षाकडच्या म्हातारीनं विचारलं, "पोरीचा बाप नाय आला?" ती भात वाढत होती. हात न थांबवता म्हणाली, "जवळच हाय तो. त्याला यायचं नाय."

काही वर्षांनी त्याचा निरोप आला. हात चालत नाहीत, आता घरी येतो. तिनं भावाला बोलावून घराची कौलं उतरवली, वासे सोडवले, आणि सगळं लाकूड बैलगाडीत घालून लेकीकडे गोठ्यासाठी धाडलं. गाडीमागून स्वतः चालत निघाली. स्टँडवर मी विचारलं, "अहो, तो आला म्हणजे?"

"जोतं ठेवलंय त्याला," ती म्हणाली. तिला मी पाहिलं ते शेवटचं.

तो खरंच आला. हाडांचा सापळा, अंगात जुना कोट. वाडीवर जाऊन दुपारभर त्या उघड्या जोत्यावर बसला म्हणतात. संध्याकाळी महाडकडच्या मोटारीला परत आला. बायको कुठं आहे, मुलगी कुठं दिली, काही विचारलं नाही. ड्रायव्हरशेजारी जागा मिळेल का, एवढंच विचारलं.