चौघं आन् मधी एक

आबा गल्लीच्या मधोमध उभे राहायचे, दोन्ही हात बाजूंना ताणून धरायचे, डावीकडे बघायचे, उजवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "चौघं आन् मधी एक जायाला पायजे." मग ज्याचं बांधकाम चालू असेल त्याच्याकडे वळून, "जातील का?"

नव्या माणसाला काही कळायचं नाही. कुरकुंभच्या कंपनीत पहिली पाळी करून आलेला, जन्मातलं पहिलं घर बांधणारा तो बिचारा हौसेनं विचारायचा, "कोण चौघं, आबा?"

"खांदेकरी," आबा सांगायचे. "आन् मधी तू."

पाया भरताना असलं ऐकून कोणाला बरं वाटेल? बायका तोंडात पदर धरून आत जायच्या. एखादी लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळायची. नवरा चार शब्द पुटपुटायचा. पण संध्याकाळी गवंड्याला बोलावून ओट्याची पायरी हातभर आत घ्यायचा. आबांशी वाद घालणं सोपं होतं, पण ते वाक्य एकदा कानात शिरलं की निघत नसे.

दौंड शहर संपून कुरकुंभचा रस्ता लागतो तिथली ही आमची वसाहत. जमीन मूळची आबांचीच. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरायचे. आबांनी तरुणपणी कळप मोडून शेती धरली आणि म्हातारपणी शेतीचे गुंठे झाले. रेल्वेतली माणसं, कंपनीतली माणसं, खेड्यातून मुलांच्या शाळेसाठी आलेली माणसं असे आम्ही सगळे तिथं प्लॉट घेऊन राहायला आलो. एजंटाच्या नकाशात रस्ते ऐसपैस होते. नकाशात रस्ते नेहमीच ऐसपैस असतात. पुढं घरं उभी राहिली, प्रत्येकानं आधी पायरी, मग ओटा, मग जिना आणि शेवटी संडासाची टाकी बाहेर काढली आणि रस्त्याची गल्ली झाली. तुमच्याही वसाहतीत हेच झालं असेल. झालं नसेल तर कळवा, मी राहायला येतो.

माझं त्या वसाहतीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान होतं. त्यातच फोनचं बूथ आणि त्यातच पुण्याच्या एका दैनिकाची वार्ताहरकी. आबा रोज सकाळी खांद्यावर घोंगडी टाकून यायचे, बाकड्यावर बसायचे आणि म्हणायचे, "पेपरवाले, बातमी हाय."

बातमी काय, तर तिसऱ्या गल्लीतलं गटार तुंबलंय. डीपीचं झाकण उघडं पडलंय. ग्रामपंचायतीनं टाकलेला मुरूम एका ट्रॅक्टरवाल्यानं उचलून नेलाय. पुण्याच्या कचेरीला अपघात हवे असायचे, निवडणुका हव्या असायच्या. तरी एकदा पान भरेना म्हणून त्यांनी आमचं गटार छापलं. आबांनी ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. खूश झाले. दुसऱ्या दिवशी येऊन मलाच म्हणाले, "पेपरात आलं, मग पानी का वाहून गेलं न्हाई?"

त्या चौघांचं आणि मधल्या एकाचं कारण त्यांनी मला एकदा त्याच बाकड्यावर बसून सांगितलं. मी विचारलं नव्हतं. समोरून कोणाची तरी तिरडी गेली, आबा उठून उभे राहिले, हात जोडले आणि परत बसताना बोलायला लागले.

त्यांची बायको वारली तेव्हा ते गावठाणात भाड्यानं राहत होते. जुनी, दाटीची बोळ. एका कोपऱ्यावर दोन्हीकडून घरं पुढं आलेली. ताटी वळेना. मागं घ्यावी तर मागं माणसांची गर्दी.

"मग उभी केली तिला," आबा म्हणाले. "दोरी आवळली आन् ताटी उभी धरून काढली. मेलेल्या माणसाला उभं करत्यात व्हय? जलमभर उभीच व्हती ती. शेतात उभी, चुलीम्होरं उभी. म्हनलं, आता तरी आडवी जाऊ द्या. तेबी न्हाई झालं."

मी झेरॉक्सच्या यंत्राकडे बघत राहिलो.

"तवाच ठरवलं," ते म्हणाले, "माज्या रानात कुनाला उभं करायची पाळी येऊ द्यायची न्हाई."

एवढं ऐकल्यावर मला त्यांच्या त्या वाक्याची चेष्टा करवेना. बाकीचे करत असत, मीही हसायचो, पण वरवर.

आमची गल्ली सरळ जाते आणि शेवटी काटकोनात वळून नदीच्या रस्त्याला मिळते. स्मशानाकडे जायला तेवढी एकच वाट. त्या वळणावरचा प्लॉट ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांचा होता. घरचे बागायतदार, ऊस पाटसच्या कारखान्याला जायचा, गावात शब्दाला वजन. माणूस वाईट नव्हता. वेळेला धावून येणारा, पण हट्टी. त्यांनी कुंपणाची भिंत घातली ती थेट वळणाचा कोपरा पोटात घेऊन. आबा हात पसरून उभे राहिले ते नुसते उभेच राहिले. त्यांचे हात पुरते पसरेनात.

"आबा, माज्या जागेत बांधतोय," सदस्य म्हणाले. "तुमीच इकलीय की."

"जागा इकली," आबा म्हणाले. "वळान न्हाई इकलं."

मग जे व्हायचं ते झालं. आबा ग्रामसेवकाकडे गेले, ग्रामसेवक "बघतो" म्हणाले. आबा तहसिलात गेले, तिथं "अर्ज ठेवून जा" म्हणाले. मी बातमी पाठवली, ती पुण्यात कुठं गडप झाली देव जाणे. एकदा भर ग्रामसभेत सदस्यांनी सुनावलं, "आबा, तुमाला मरायची लई घाई झालीय." सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्या दिवसापासून दोघांमधला रामराम बंद झाला. भिंत डोक्याएवढी आली.

आणि एका सुट्टीच्या दिवशी आबा दुकानात आले ते म्हणाले, "पेपरवाले, चला. डोळ्यांनी बघितल्याबिगर लोकान्ला कळायचं न्हाई. करून बघू."

करून काय बघायचं, ते त्यांच्या दारात गेल्यावर कळलं. त्यांनी बाज बाहेर काढली होती आणि तिला दोन्ही अंगांनी लांब बांबू बांधले होते. त्यावर एकाला निजवायचं, चौघांनी खांद्यावर घेऊन वळणापर्यंत जायचं आणि जातं की नाही ते पाहायचं. चौघं जमले. मी, रेल्वेतला एक फिटर, शेजारचे सुतार आणि कुरकुंभला ठेकेदाराकडे काम करणारा बिहारचा एक भाडेकरू. अडलं ते निजण्यावर. जित्या माणसानं असं खांद्यावर निजू नये म्हणतात. सुतारांनी कानाला हात लावले. फिटर घड्याळ बघायला लागला. भाडेकरू म्हणाला, "हम तो बिलकुल नहीं।"

"सरका," आबा म्हणाले, आणि स्वतःच आडवे झाले.

ऊन कडक होतं. निघताना त्यांनी मेंढक्याच्या सवयीनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. चूक झाली ती तिथं.

आम्ही चालायला लागलो. किराणावाल्यानं आम्हाला बघितलं आणि शटर अर्धं खाली ओढलं. दारात धान्य निवडणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. एक म्हातारी "आबा गं बाई" म्हणून गळा काढायला लागली. "अहो जिवंत आहेत," असं सुतार ओरडून सांगत होते, पण रडण्यात कोणाला काय ऐकू येतंय? भाडेकरू खालच्या आवाजात म्हणत होता, "बाबा, थोडा हिलो।" बाबा कसले हलतात! खांद्यावर छान डुलकी लागली होती त्यांना.

तेवढ्यात समोरून सदस्यांची मोटरसायकल आली. त्यांनी बघितलं, घोंगडी ओळखली. गाडी तिथंच लावली, चपला काढल्या आणि सरळ माझ्याजवळ आले. आमच्याकडे वैर कितीही असो, समोरून ताटी आली तर खांदा दिल्याशिवाय कोणी पुढं जात नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. खांदा बदलायचा तो इशारा. मी तोंड उघडलं, पण माणसाचा चेहरा बघून परत मिटलं. मी बाजूला झालो. ते बांबूखाली शिरले.

वळण आलं. आतल्या अंगाला सदस्यच होते. बांबू वळेना. त्यांचा दंड त्यांच्याच भिंतीच्या ओल्या गिलाव्यात दाबला गेला, कोपर खरचटलं. मागचे म्हणत होते, "जरा आत घ्या," आणि आत घ्यायला जागाच नव्हती. ते तसेच अडकून उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले,

"आबा, लई बोललो तुमाला. चुकलंमाकलं पोटात घाला."

घोंगडीखालून आवाज आला, "घातलं. आता भित मागं घे."

बाज एकदम कलली. भाडेकरू "अरे बाबा रे!" म्हणून ओरडला, पण त्यानं बांबू सोडला नाही, म्हणून आबा वाचले. मग गल्लीत जो हशा पिकला तो म्हणे पार रेल्वेच्या फाटकापर्यंत ऐकू गेला. सदस्य हसले नाहीत. ते वाळूच्या ढिगावर मटकन बसले आणि गिलाव्यानं भरलेल्या हातानंच त्यांनी डोळे पुसले. आबा बाजेवरून उतरले, त्यांच्याशेजारी बसले आणि तंबाखूची चंची पुढं केली.

"जीव घेतला हुता माजा," सदस्य म्हणाले.

"माजाबी जाता जाता ऱ्हायला," आबा म्हणाले. "खा."

गंमत एवढ्यावर संपली नाही. बातमी माझ्या पेपरपेक्षा लवकर पाटसला पोहोचली. दुपारी आबांचे तिथले भाऊबंद टेंपो भरून आले, रीतीप्रमाणे पिठलं-भाकरीची पाटी घेऊन. आबा दारात बसलेले बघून बायांना रडावं की मारावं कळेना. आबांनी सगळ्यांना बसवून घेतलं आणि त्यांच्याबरोबर पंगतीला बसले. आपल्या नावाचा कडू घास आपणच मिटक्या मारत खाणारा माणूस मी तरी एवढा एकच पाहिला.

भिंत मागं गेली. सदस्य स्वतः उभं राहून पाडून घेत होते आणि गवंड्यावर उगाच खेकसत होते. आबा समोरच्या ओट्यावर बसून बघत होते. पुरतं झाल्यावर त्यांनी वळणात जाऊन हात पसरले. पुढं त्या दोघांचं इतकं जमलं की गटार असो की दिवाबत्ती, सदस्य आधी आबांना विचारायचे आणि मग ठराव मांडायचे. खोटी वार्ता उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. आबांचं चांगलंच वाढलं. वसाहतीत नळ आले, डांबर आलं, माझं फोनचं बूथ बंद पडायला आलं, तरी सकाळी बाकड्यावर "पेपरवाले, बातमी हाय" होतंच.

मग छातीत दुखायला लागलं म्हणून मुलानं त्यांना पुण्याला नेलं. मुलाचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. निघताना जीपमधून मला म्हणाले, "तितला जिना बघितलाय म्या. त्यो काय माज्या मनाला येत न्हाई." मी म्हणालो, "आबा, औषध घ्यायला चाललाय, जिना कशाला बघताय?" ते नुसते हसले.

ते गेल्याचा फोन माझ्याच बूथवर आला. सदस्यांनी जीप काढली. आम्ही पोहोचलो तेव्हा सोसायटीतली माणसं जमलेली होती, भली माणसं, मदतीला तयार. जिना अरुंद, दर वळणावर भिंत. त्यांच्यातले एक गृहस्थ समजावून सांगत होते, "लिफ्टमधून उभं धरून नेतो आम्ही. पाच मिनिटांचं काम आहे."

"उभं न्हाई करायचं," सदस्य म्हणाले.

"अहो, पण आडवं मावणार नाही."

"उभं न्हाई करायचं."

त्यांनी पलंगाच्या पायथ्याची आबांची घोंगडी उचलून अंथरली. आम्ही आबांना तीत ठेवलं आणि चौघांनी चार टोकं धरली. चारही मजले आम्ही तसेच उतरलो. वळणावर एकजण खाली वाकायचा, एकजण हात वर घ्यायचा, घोंगडी मुडपायची, पण आबा आडवेच राहिले. सदस्यांचा श्वास फुलला होता. मध्ये कोणी हात द्यायला आलं तर ते मान हलवायचे.

दौंडला आणलं, दारात ताटी बांधली. घोंगडी वरून पांघरली. साऱ्या वसाहतीनं दुकानं बंद ठेवली होती, आणि या वेळी कोणाला काही ओरडून सांगायचं नव्हतं. मी मागच्या अंगाला होतो, सदस्य पुढं, आतल्या बाजूला, त्याच जागी.

वळणाशी आलो आणि पाय आपोआप थांबले. कोणी सांगितलं नव्हतं. सदस्य मान खाली घालून म्हणाले, "आबा, चुकलंमाकलं पोटात घाला."

आम्ही सगळे कान देऊन उभे होतो. मी वेड्यासारखा घोंगडीकडे बघत होतो.

मग मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "चला. लई जागा हाय."