चावी माझ्या खिशात होती

या सदरात लिहीन असं कधी वाटलं नव्हतं, कारण इथले अनुभव मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचायचो. पोलीस खात्यात तीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी हायवेवर. घाटात पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते, हे प्रत्येक ट्रकवाल्याकडून ऐकलंय. मला एकदाही भेटली नाही. भेटली असती तर तिलाही आधी ओळखपत्रच मागितलं असतं! तेव्हा जे घडलं तेवढंच लिहितो.

गेल्या वर्षीची गोष्ट, मे महिन्यातली. मी तेव्हा नव्या पोलिसांना हायवेवर गाडी कशी थांबवायची आणि लपवलेला माल कसा शोधायचा, हे शिकवत होतो. जागा पनवेलच्या पुढे, शिरढोणच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत एक मोकळं पटांगण. एका टोकाला पत्र्याची शेड, दुसऱ्या टोकाला एक जप्त केलेला टेम्पो. टेम्पोत केबिनच्या मागे चोरकप्पा होता. बाहेरून साधा पत्रा दिसायचा, पण आत माणूस गुडघे दुमडून बसेल एवढी जागा. त्याच्या दाराला आम्ही कडी आणि कुलूप लावलं होतं, चावी एकच.

माझ्या जोडीला हवालदार म्हात्रे. उरणकडचा, मिठागरवाल्यांच्या घरातला, बोलायला एकदम मोकळा. सरावात ड्रायव्हर तोच व्हायचा आणि असं काही बेमालूम खोटं बोलायचा की पोरं हमखास फसायची.

बॅचमध्ये अश्विनी जाधव नावाची एक कॉन्स्टेबल होती. आदल्या दिवशी म्हात्रेच्या गोड बोलण्याला भुलून तिनं गाडी सोडून दिली होती, आणि मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं. "ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघून गाडी सोडायची नाही. पत्रा उघडायचा, डोळ्यांनी बघायचं, मग सोडायचं." जरा जास्तच बोललो होतो. डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या.

त्या दिवशी सकाळी म्हात्रेनं टूम काढली. "सर, पाकिटं शोधून पोरं कंटाळली. आज मीच आत बसतो. मानूस लपवून नेतात ते कळू दे त्यांना."

मी म्हटलं, "अरे, ऊन बघ. पत्रा तापलाय."

"मिठागरात उन्हातान्हात वाढलेला मानूस हाय मी. तुमी नका टेन्शन घेऊ. धा मिनटात बॅच घेऊन या. आणि कुलूप लावा, नायतर लगेच कडी वढतील."

मी कुलूप लावलं. चावी खिशात टाकली. घड्याळात अकरा वाजत होते.

शेडकडे निघालो तेवढ्यात वरून फोन आला. दुसऱ्या दिवशी साहेब पाहणीला येणार, सगळ्यांची यादी आत्ताच्या आत्ता हवी. मी पोरांना चहाला सोडलं आणि यादी घेऊन बसलो. एक फोन झाला, दुसरा झाला, नावं चुकली म्हणून तिसरा... आणि म्हात्रेला मी विसरलो. याला दुसरा शब्द नाही. साफ विसरलो.

पावणेबाराच्या सुमारास जाधव समोर येऊन उभी राहिली. हातात सरावाचा फॉर्म.

"सर, टेम्पोच्या चोरकप्प्याची चावी द्या ना."

"कशाला?"

"चहा सोडून एकटीच सरावाला गेले होते. म्हात्रे सर ड्रायव्हर बनून बसलेत. पण आज उत्तरंच देत नाहीत. कुठून आलात, माल काय, काहीही विचारा, एकच म्हणतात... मागं बघ."

म्हात्रेचं नाव ऐकलं आणि तो अजून कुलपाआड असल्याचं मला आठवलं. पण पुढच्याच क्षणी जीव भांड्यात पडला. केबिनमध्ये बसलाय म्हणजे बाहेर आला की! कुणीतरी काढला असेल. मी चक्क हसलो.

"मग झालं तर. चेष्टा करतोय तो. जा, चहा घे."

ती हलली नाही. "नाही सर. काल तुम्हीच सांगितलंत. ड्रायव्हर काही का बोलेना, पत्रा उघडल्याशिवाय मी सोडणार नाही." आणि मग जरा हळू आवाजात, "सर, त्यांची तब्येत बरी वाटली नाही. घामानं पार भिजलेत."

मी वैतागून खिशात हात घातला. चावी हाताला लागली.

चावी माझ्याकडे. मग कुलूप उघडलं कुणी?

पन्नाशीनंतर मी तसा कधी धावलो नव्हतो. केबिन रिकामी होती. माझ्यामागे जाधव म्हणत होती, "आत्ता इथेच होते सर... आत्ता इथेच..." कुलूप जसंच्या तसं. चावी माझ्या हातून घेऊन तिनंच लावली.

म्हात्रे आत मुटकुळं करून पडला होता. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं, हाकेला ओ नाही. बोटांची पेरं सोलून निघाली होती. किती वेळ पत्रा ठोकला असेल, देव जाणे. पाणी ओतत ओतत जीपमधून पनवेलला हॉस्पिटलात नेला. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." एवढंच बोलून डॉक्टर आत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडलो.

म्हात्रे वाचला. चौथ्या दिवशी घरी गेला.

नंतर मी माझ्या पद्धतीनं तपास केला. बाकीची बॅच चहाच्या टपरीवर होती, एकही कमी नव्हता. दुसऱ्या कुणाला ती म्हात्रे समजली म्हणावं, तर आठ दिवस रोज त्याला बघत होती. पत्रा ठोकल्याचा आवाज तिनं ऐकलाच नव्हता. संशयितांना विचारतो तसं वेगवेगळ्या दिवशी, उलटसुलट करून तिला विचारलं. उत्तर एकदाही बदललं नाही. आणि फॉर्मवर खाली ड्रायव्हरची सही असते. ती होती.

तो फॉर्म मी म्हात्रेच्या घरी जाऊन त्याला दाखवला. त्यानं सहीवरून बोट फिरवलं. "सही माजीच हाय सर. पन मी केली नाय. मला तर कडी लागल्यावर धा-पंधरा मिनटांच्या फुडचं कायच आठवत नाय."

यावर कुणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर सांगा. माझ्याकडे आजही नाही. पण मला झोप लागत नाही ती त्या सहीमुळे नाही.

त्याच दिवशी, मी निघताना, म्हात्रे ओट्यापर्यंत सोडायला आला. आढेवेढे न घेता विचारलं, "सर, ती पोरगी आली नसती, तरी तुमी आला असता ना?"

मी म्हटलं, "म्हणजे काय! निघालोच होतो."

खोटं बोलणारा चेहरा कसा ओळखायचा, हे आम्ही दोघांनी मिळून कितीतरी पोरांना शिकवलंय. म्हात्रेनं माझ्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. मग मान खाली घालून म्हणाला, "सावकाश जा सर. ऊन लय हाय."