सहा माणसांची वीज

सोलार बसवणं परवडतं का, असं हल्ली कॉलनीतल्या बायका मला विचारतात. भाजीच्या गाडीशी कोथिंबीर निवडता निवडता विचारतात, जशी काही मी त्यातली जाणकार. मी सांगते, आमच्या ह्यांना विचारा, ते खरं काय ते सांगतील. मला विचाराल तर मी हो म्हणेन, आणि माझ्या हो म्हणण्यावर विसंबून कोणी पैसे घालू नयेत.

आमचं घर छावणीच्या अलीकडे. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक मोठी खोली. वरची खोली मुलाच्या लग्नाच्या वेळी बांधली. मुलगा पुण्याला असतो, सूनही तिथेच नोकरीला आहे, दोन नाती आहेत. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला आमच्याकडे पोहोचता येतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझं बोलणं ऐकून लोकांना वाटतं, मुलगा अमेरिकेला असेल.

नाती लहान होत्या तेव्हा मे महिना इथेच काढायच्या. वरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्री अंगावर यायचा. कूलर होता, पण कूलरला पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी येतो. बादली कूलरमध्ये ओतायची की नातींच्या आंघोळीला ठेवायची, यावरून आमची रोज जुंपायची. एका वर्षी धाकटीच्या पाठीवर घामोळं उठलं. मी चंदन उगाळून लावत बसायचे, ती रडायची आणि थोरली वहीने वारा घालायची. सून काही वाईट बोलली नाही. निघताना एवढंच म्हणाली, की आई, पुढच्या वर्षीपासून मेमध्ये नको, मुलींना इथला उकाडा सोसत नाही. मी मनात म्हटलं, उकाडाच ना? त्याचा बंदोबस्त करता येतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एसी शिरला. एसी म्हटलं की बिल, आणि बिल म्हटलं की आमचे हे. पाटबंधारे खात्यात हिशेबाला होते. नोकरी सुटली, हिशेब सुटला नाही. मी खोलीतून बाहेर पडले की माझ्यामागे दिवा बंद झाल्याचा आवाज येतो, इतक्या वर्षांत एकदाही चुकलेला नाही. मग पेपरात वाचलं की पॅनल स्वस्त झालेत, सरकार अनुदानही देतं. मी ते पान त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं.

त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. हेच तर वाईट, ते ओरडत नाहीत. म्हणाले, आपण दोघं, एक फ्रीज, दोन पंखे, टीव्ही. बिलच एवढुसं येतं, तर त्यातून वाचणार किती? ज्यांच्या घरी रोज भरपूर वीज लागते त्यांचे पैसे लवकर फिटतात, आपले कधी फिटायचे? पॅनल स्वस्त झाले तरी लोखंडी सांगाडा, इन्व्हर्टर, वायरिंग वेगळंच, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय धूळ बसली की पॅनल धुवावे लागतात. नळाला पाणी नाही आणि हिला आता गच्चीवर काचा धुवायच्या आहेत, हेही ऐकवून झालं. सगळं खरं होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

शेवटी, सोलारवाला माणूस येऊन बघून तर जाऊ दे, यावर तह झाला. माणूस आला, गच्ची मोजली, सावली कुठून पडते ते पाहिलं. खाली येऊन बसला आणि त्याने विचारलं, घरात माणसं किती? हे म्हणाले, दोन. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. तिथूनच मी म्हणाले,

"सहा."

तो माणूस एकदा ह्यांच्याकडे बघे, एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे. मला वाटलं, आता हे मला परक्यासमोर खोटी पाडणार. चुकीचा आकडा त्यांना सोसत नाही, मग तो किराणावाल्याचा असो की बायकोचा. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि म्हणाले, "व्हय. सहाच धरा."

जन्म पिशोरसारख्या खेड्यातला असला तरी ह्यांच्या तोंडून 'व्हय' क्वचितच निघतं. मी कप घेऊन बाहेर आले तर ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला तोवर वाटायचं, वाट मी एकटीच बघते.

उन्हाळ्याआधी पॅनल बसले, वरच्या खोलीत एसी बसला. नवे पडदे मी शिवले, त्यावर हत्ती होते. फोन करून मुलाला सांगितलं, आता अख्खा मे राहा, मुलींना स्वेटर घालावे लागतील. बघतो म्हणाला. मग थोरलीचा पोहण्याचा वर्ग निघाला, सुनेची रजा अडकली, धाकटीच्या मैत्रिणीचा वाढदिवस आला. दिवाळीत दोन दिवस येऊन गेले. दिवाळीत कसला एसी, चांगली गोधडी लागत होती.

आमच्या गच्चीवर सहा माणसांची वीज तयार होत होती आणि दोन माणसं ती वापरत होती. उरलेली कंपनीच्या तारांतून जाते आणि बिलात जमा दिसते. वर्षाअखेरीला जी शिल्लक राहते ती कंपनी किरकोळ भावाने घेते आणि खातं पुन्हा कोरं होतं. मार्च संपल्यावर ह्यांनी ते बिल वाचलं आणि घडी घालून ठेवलं. बघ, मी सांगत होतो, असं एका शब्दाने म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

मला नातींची फार आठवण येते. थंडगार खोलीतल्या नाही, त्या तशा मी पाहिल्याच नाहीत. मला त्या तापलेल्या खोलीतल्याच हव्यात, घामेजलेल्या, किरकिऱ्या, माझ्या मांडीवर पाठ उघडी टाकून चंदन लावून घेणाऱ्या. आता त्यांना घामोळं येत असेल का, आलं तर कोण काय लावत असेल, असलं काहीतरी मनात येत राहतं.

यंदाच्या मेमध्ये हे स्वतःहून म्हणाले, चल, दुपारचं वर बसू, नाहीतरी वीज वायाच जाते. जन्मभर दिवे बंद करणाऱ्या माणसाने एसी लावला. मी अंगावर शाल घेऊन बसले होते, हे पेपर वाचत होते. तेवढ्यात मुलाचा फोन आला.

इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, "आई, अगं, यंदा मेचं ना..." आणि थांबला. मागच्या वर्षी सगळी कारणं वापरून झाली होती, नवं सापडत नसावं. लहानपणापासून असाच अडखळतो, त्याला धड खोटंही बोलता येत नाही. माझा जीव कळवळला.

मी म्हणाले, "यंदा नका येऊ रे. लई उकाडा आहे इथं. पोरींना नाय सोसायचं."

"पण एसी बसवलाय ना? सोलारवर चालतो ना तो?"

"बसवून काय उपयोग? लाईट गेली की सोलार पण बंद पडतं. आपल्याकडं बॅटरी नाय."

हे खोटं नव्हतं. बॅटरी नसेल तर भर उन्हातही ते बंद पडतं, बसवल्यावरच आम्हाला कळलं. पण त्या आठवड्यात आमच्याकडे लाईट एकदाही गेली नव्हती. ह्यांनी पेपर खाली ठेवला, रिमोट उचलला आणि एसीची घरघर फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून तो बंद केला.

पलीकडे मुलाने श्वास सोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

"बरं झालं आई," तो म्हणाला, "तूच म्हणालीस."