छातीतून गळ्यापर्यंत आलेली गाठ

आई बिड्या वळता वळता मधेच डावा हात झटकायची. करंगळीत मुंग्या येतात म्हणायची. एकदा तिचे केस विंचरताना डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाच्या वर, माझ्या बोटांना लिंबाएवढी गाठ लागली.

"किती दिवसांची आहे ही?"

"असन वर्षभर. दुखत नाही, मंग सांगू कायले?"

गोंदियाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून उजेडावर धरला. हाताला लागत होतं ते नुसतं टोक होतं. बाकीची गाठ छातीत, फुफ्फुसाच्या माथ्यावर बसली होती. "नागपूर ले जाओ, देर मत करो," एवढंच ते म्हणाले. परतताना ऑटोत आई काही विचारेल म्हणून मी रस्त्याकडेच बघत राहिले.

नागपुरात सीटी स्कॅन झाला, सुई घालून तुकडा काढला. अहवाल यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस मी शाळेत शिकवत होते, पण फळ्यावर काय लिहिलं ते मलाच पुन्हा वाचावं लागे.

कॅन्सर नव्हता. नसेच्या आवरणाची, क्वचितच होणारी साधी गाठ होती. मी सुटकेचा श्वास घेतला तोच सर्जन म्हणाले, "गाठ साधी आहे, पण जागा वाईट आहे. गळा आणि छातीचं हाड, दोन्ही उघडावं लागेल. हाताच्या नसा तिला चिकटल्यात."

"नाही काढली तर?" मी विचारलं.

"वाढत जाईल. श्वासनळी दाबेल."

आईने एकच विचारलं, "बोटं चालतीन ना, साहेब?"

"वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू, आई. पण खात्री देत नाही."

ऑपरेशन सहा तास चाललं. दार उघडलं की मी बाकावरून उठायची. एकदा नर्स रक्ताची पिशवी घेऊन घाईने आत गेली, तेव्हा कोणाला विचारायचीही हिंमत झाली नाही. शेवटी सर्जन बाहेर आले. "पूर्ण निघाली. हाताचं उद्या कळेल."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या डाव्या तळव्यात माझं बोट ठेवलं. "आई, दाब." तिने दाबलं. करंगळी सगळ्यात उशिरा वाकली, पण वाकली.

डावी पापणी मात्र खाली आली होती. गाठीबरोबर डोळ्याकडे जाणारी एक बारीक नस कापावी लागली होती. दोन दिवस मी तिला आरसा दिला नाही. तिने स्टीलच्या ताटात बघितलं.

"हेच लपवून राहिली होती का? दिसते ना मले, बस झालं."

चौथ्या महिन्यात ती पुन्हा कामाला बसली. वर्षाच्या तपासणीत छाती स्वच्छ निघाली. पापणी अजूनही अर्धीच उघडते.